पाकोळ्यांच्या बेटांवर

बालमित्रांनो, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात खारं पाणी कुठं आहे, असं विचारलं तर तुम्ही झटकन 'लोणार!' म्हणाल. अगदी बरोबर. पण त्या सरोवराला भरती नाही, ओहोटी नाही आणि त्यात बेटांचा पुंजकाही नाही. तो बघायचा तर कोकणच गाठायला हवं. चला तर, आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाऊ. वेंगुर्ल्याच्या वायव्येला सुमारे १४ किलोमीटरवर, भर समुद्रात वीसेक खडक डोकी वर काढून उभे आहेत. त्यांचं नाव 'वेंगुर्ला रॉक्स'. गाव नाही, दुकान नाही. दीपगृह तेवढं आहे.

निघायचं पहाटे. भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ करताना कंटाळा येतो ना? इथं त्यांची खरी किंमत कळते. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र मात्र उबदार राहतो. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. होड्यांना इंजिन नव्हतं तेव्हा मच्छीमार या वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडत. दुपारी जमीन तापली की वारा उलटा फिरे आणि तोच त्यांना घरी आणून सोडे. डिझेलचा एक थेंबही लागत नसे! आता बहुतेक होड्यांना इंजिन असतं. पावसाळ्यात मात्र इकडं फिरकायचंसुद्धा नाही, समुद्र फार खवळलेला असतो. (आणि हो, भरल्या पोटी होडीत बसू नका. आम्हां वऱ्हाडकरांना लाटांची सवय कुठली!)

वाटेत नशिबानं साथ दिली तर डॉल्फिन दिसतात. पाठीवर उंचवटा असलेले, करड्या रंगाचे. मासा नव्हे बरं का तो! श्वास घ्यायला वर येतो, म्हणूनच आपल्याला दिसतो. नावाड्याला 'जवळ घ्या, जवळ घ्या' म्हणू नका. इंजिनाच्या आवाजानं ते बुजतात. वर आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालत असेल, आणि खडकांवर सुरय पक्ष्यांचा कलकलाट.

पण या बेटांचे खरे मालक आहेत पाकोळ्या. चिमणीहूनही लहान, तपकिरी रंगाच्या. खडकांत समुद्राच्या गुहा आहेत, त्यांत त्यांची वस्ती. आत काळोख. मग भिंतीवर आपटत कशा नाहीत? तर उडताना त्या 'टिक् टिक्' असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतात. वटवाघळाचीच युक्ती, पण वटवाघळाचा तो आवाज सहसा आपल्या कानाला ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो.

आता घरट्याची गंमत. काडी, माती शोधायची कुठं? पाकोळी आपल्या लाळेचे धागे खडकाला चिकटवते, त्यात पिसं, गवत मिसळते. थर सुकला की वर दुसरा. असे कित्येक दिवस खपून अर्ध्या वाटीएवढं घरटं तयार होतं. आत दोन अंडी.

आणि याच लाळेनं तिचा घात केला. पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप चीनमध्ये मोठी मेजवानी समजतात. अशा घरट्यांना भरमसाट पैसा मिळतो, म्हणून वेंगुर्ल्याच्या या खडकांवरूनही घरटी चोरली गेली आहेत. भिंतीवरून घरटं खरवडलं की आतली अंडी, पिल्लं वाया जातात. पाकोळी पुन्हा पहिल्यापासून लाळ गाळत बसते. तेही नेलं तर? तोवर अंडी घालायचा हंगामच सरायला येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरटी आणि अंडी यांना अभय दिलं आहे. पण भर समुद्रातल्या अंधाऱ्या गुहेवर रात्रंदिवस पहारा कोण ठेवणार?

म्हणून आपण होडी लांबच थांबवायची. खडकावर चढायचं नाही, गुहेत बॅटरी मारायची नाही. होडीतूनही पाकोळ्यांचे थवे आत-बाहेर करताना छान दिसतात.

कोकणात जाणं जमणार नसेल तर तिचीच एक लांबची बहीण इथं भेटेल. जुन्या पुलाखाली, वाड्याच्या कमानीत पिसं आणि काड्यांचे झुपके चिकटलेले दिसतात ना? ती घरपाकोळी. तिचा डिंकही लाळेचाच! संध्याकाळी घरट्यांकडं परतताना त्या चिरक्या आवाजात ओरडत गोल गोल फिरतात. दप्तर ठेवलंत की बाहेर येऊन मान वर करा. किती मोजता आल्या, ते उद्या वर्गात सांगा.