रायफलमध्ये अडकणारी पुंगळी

रायफलचा चाप ओढला की गोळी नळीतून बाहेर पडते आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिच्या मागोमाग जाते. परंतु रायफल पुन्हा झाडता येईल की नाही, हे मागे राहिलेल्या रिकाम्या पुंगळीवर अवलंबून असते. ती बाहेर आली नाही तर दुसरे काडतूस आत जाऊ शकत नाही. रणांगणावर अशी रायफल म्हणजे नुसती काठीच होय.

काडतुसाचे चार भाग असतात: गोळी, दारू, दारू पेटवणारी टोपी आणि या सर्वांना एकत्र धरणारी धातूची पुंगळी. नळीच्या मागील टोकाशी काडतुसाचे पोलादी घर असते. ते पुंगळीपेक्षा किंचित मोठे ठेवावे लागते, एरवी काडतूस आत सरकणार नाही. दारू पेटताच, एका सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात, आतील वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. पुंगळी फुगते, घराच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, सैनिकाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. त्या क्षणी तिने भिंत धरणे जितके आवश्यक, तितकेच दाब उतरताच तिने भिंत सोडणेही आवश्यक असते.

ही दोन परस्परविरुद्ध कामे धातूच्या स्थितिस्थापकतेमुळे साधतात. दाबाने पोलादी घरही अत्यल्प ताणले जाते आणि दाब गेल्यावर पूर्ववत होते. पुंगळी मात्र मूळ आकारास परतत नाही. ती थोडीशीच आकसते. हे आकसणे पोलादाच्या आकसण्यापेक्षा अधिक असेल तर मध्ये बारीक फट पडते व पुंगळी मोकळी होते. ते कमी पडले तर पोलाद तिला आवळून धरते. सारा प्रश्न या केसाएवढ्या फटीचा आहे.

ही फट मिळण्यासाठी धातू कठीण असावा लागतो. तांबटाच्या आळीत याचा प्रत्यय येतो. भट्टीत तापवलेले भांडे मऊ पडते; तेच मठारले की ताठ होते. पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त. ते थंड स्थितीत ओढून घडवले की कठीण होते. असे पितळ ताणून सोडल्यास हजार भागांत तीन-चार भाग माघारी येते. मऊ पितळ जेमतेम एक भाग.

अमेरिकेतील मोंटाना प्रदेशात २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लढलेल्या घोडदळाजवळ जवळजवळ शुद्ध तांब्याच्या मऊ पुंगळ्या होत्या. त्यांपैकी काही अडकल्या व सुरीने उकराव्या लागल्या. पुढे पुष्कळ काळ त्या पराभवाचे खापर पुंगळ्यांवर फोडले जाई. परंतु १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळाल्यानंतर जे उत्खनन झाले, त्यात उकरल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या फारच थोड्या मिळाल्या. दोष खरा होता, पण पराभवाचे मुख्य कारण तो नव्हता.

मग सबंध पुंगळीच कठीण का करू नये? याचे उत्तर भारताच्या पावसाळ्याने दिले. ब्रिटिश अमदानीत येथील लष्कराच्या साठ्यातील काडतुसांच्या पुंगळ्या, ती एकदाही झाडली गेली नसताना, पावसाळ्यात तडकत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचे कारण उलगडले. धातू ओढताना त्यात राहिलेला अंतर्गत ताण आणि दमट हवेतील अमोनिया यांचा तो संयुक्त परिणाम होता. काडतुसे तबेल्यांत ठेवलेली असत आणि अमोनिया घोड्यांच्या मूत्रापासून निर्माण होई. बेताने तापवून तो ताण घालवणे हा उपाय ठरला. म्हणूनच पुंगळीचे तोंड तापवून मऊ करतात व बूड कठीण राखतात.

पुंगळी निर्दोष असूनही घर सदोष असू शकते. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकी सैनिकांच्या एम-१६ रायफलींत पुंगळ्या वारंवार अडकू लागल्या. नळीच्या तोंडातून सळई घालून त्या ढकलाव्या लागत आणि तेवढ्या अवधीत सैनिक मारले जात. आरंभी दोष सैनिकांच्या निष्काळजीपणावर टाकण्यात आला. अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली, तेव्हा निराळे चित्र दिसले. दारूचा प्रकार बदलल्यामुळे रायफलची गती वाढली होती. घराला क्रोमियमचा मुलामा नसल्याने दमट हवेत त्यात गंजाचे बारीक खड्डे पडत आणि फुगलेली पुंगळी त्यांत रुतून बसे. शिवाय सफाईचे साहित्य व शिक्षणही अपुरे होते. पुढे घरांना मुलामा देण्यात आला, साहित्य पुरवण्यात आले, आणि हा दोष पुष्कळ कमी झाला.

दोष शोधताना अडकलेली पुंगळी हीच पहिली साक्षीदार होय. एकाच रायफलमध्ये सर्व प्रकारची काडतुसे अडकत असतील तर संशय घरावर जातो. एकाच खेपेची काडतुसे अनेक रायफलींत अडकत असतील तर काडतुसांवर. पुंगळीच्या अंगावर ओरखडे व खड्ड्यांचे ठसे असतील तर घर खरबरीत आहे. अंग गुळगुळीत असूनही आकडीने कड फाडलेली असेल, तर दाब पुरता उतरण्यापूर्वीच ओढ बसली असावी. टोपी चपटी झाली असेल आणि बुडावर पोलादाचे ठसे उमटले असतील, तर दाब मर्यादेबाहेर गेल्याचा संभव असतो व गोळीबार तत्काळ थांबवावा लागतो. उन्हात तापलेल्या काडतुसांतही दाब वाढतो. ही तपासणी रायफल रिकामी असल्याची खात्री करून शिक्षित शस्त्रकारागिराने करावयाची असते.

पुंगळीवरील या खुणा न वाचता बोल्टवर हातोडा मारणे आणि चौकशी न करता सैनिकाला दोष देणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. केसाएवढी फट कोठे व का बुजली, हे पाहिल्याखेरीज उपाय सापडत नाही.