आहार घटला, वजन घटेना : शंका थायरॉइडची

व्यापारी घराला हिशेबाची शिस्त उपजतच असते. ताळेबंद जुळला नाही, तर जाणता मुनीम लगेच कोणावर आळ घेत नाही. तो किर्द आणि खतावणी पुन्हा उघडतो आणि एखादी नोंद राहून गेली आहे काय, हे शांतपणे पाहतो. शरीराच्या हिशेबाबाबत मात्र तेच घर हा संयम पाळतेच असे नाही. घरातील सूनबाई किंवा मातुःश्री चार-सहा महिने भात आणि गोडधोड वर्ज्य करतात, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतात, मधूनमधून एकासनेही करतात. तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही. मग घरातच कुजबुज सुरू होते. ‘जिभेवर ताबा नाही’, ‘दुपारी गुपचूप काही खात असतील’ अशी वाक्ये हसत-हसत उच्चारली जातात आणि ऐकणारीच्या मनात खोल रुततात. ती आणखी एक घास कमी करते, आणखी थकते आणि गप्प बसते.

अशा वेळी दोन गोष्टी संभवतात. कदाचित तिच्या शरीरात खरोखरच एका ग्रंथीचे काम मंदावले असेल. कदाचित ग्रंथी ठणठणीत असेल आणि कारण अन्यत्र असेल. दोहोंचा निवाडा रक्ताच्या एका साध्या तपासणीने होऊ शकतो. तो होण्याआधी दोषारोपही नको आणि स्वतःच्या मनाने औषधही नको.

मुख्य कचेरी आणि शाखा

थायरॉइड, अर्थात अवटू ग्रंथी, ही गळ्याच्या पुढील भागात कंठमण्याच्या किंचित खाली असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. ती टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. शरीरातील प्रत्येक पेशीने किती वेगाने इंधन जाळावे, हृदयाने किती गतीने चालावे, आतड्यांनी किती चपळाईने काम करावे, हे बऱ्याच अंशी या संप्रेरकांवर ठरते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. बँकेची उपमा द्यायची तर पीयूषिका ही मुख्य कचेरी आणि थायरॉइड ही शाखा. शाखेचे काम मंदावले की मुख्य कचेरी स्मरणपत्रे पाठवू लागते. शाखा जितकी सुस्त, तितकी स्मरणपत्रे अधिक. टीएसएच हे संप्रेरक म्हणजेच ही स्मरणपत्रे. म्हणून अहवालात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला, तर थायरॉइडचे काम बहुधा कमी झालेले असते. ‘आकडा वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झाले’ असा उलटा अर्थ अनेक घरांत लावला जातो. तो चुकीचा आहे.

आयोडीन पुरेसे मिळत असताना ही ग्रंथी मंदावण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेनेच तिच्यावर केलेला हल्ला. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने या विकाराचे वर्णन केले. त्याचेच नाव आजही त्यास दिले जाते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि अनेकदा एकाच कुटुंबातील आई, मुलगी, मावशी यांच्यात दिसतो.

वजनाखेरीजच्या खुणा

केवळ वजन न घटणे ही थायरॉइडची खूण फार कच्ची आहे. तिच्या जोडीला इतर लक्षणे आहेत काय, हे पाहणे महत्त्वाचे. झोप पुरी होऊनही न उतरणारा थकवा, इतरांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजणे, कोरडी त्वचा, केस गळणे, जुनाट बद्धकोष्ठता, सकाळी सुजल्यासारखा चेहरा, घोगरा झालेला आवाज, मासिक पाळीत अधिक रक्तस्राव, विसराळूपणा, मंद नाडी, उदासी अशी ती यादी आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल विनाकारण वाढलेले आढळणे हीसुद्धा एक खूण असते.

अडचण अशी की, यांतील प्रत्येक लक्षणाला घरात आयते स्पष्टीकरण तयार असते. थकवा कामाचा, केस पाण्यामुळे गळतात, विसराळूपणा वयाचा. लक्षणे वर्षानुवर्षे इतक्या संथपणे वाढतात, की स्वतः रुग्णालाही ‘आपण पूर्वी अशा नव्हतो’ हे जाणवत नाही. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, किंवा घरात आधीच कोणाला थायरॉइडचा विकार असला, तर तपासणी लांबवू नये. गर्भधारणेची इच्छा असलेल्या वा गर्भवती सुनेच्या बाबतीत तर विलंब मुळीच नको. कारण पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉइड संप्रेरकांवर अवलंबून असते.

अहवाल कसा वाचावा

पहिली तपासणी टीएसएचची. प्रौढांसाठी तिची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ असते. प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो. टीएसएच वाढलेले असेल तर फ्री टी-४ आणि आवश्यकतेनुसार प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. टीएसएच जास्त आणि टी-४ कमी असेल, तर निदान स्पष्ट होते आणि उपचार लागतात. टीएसएच थोडेसेच वाढलेले, पण टी-४ व्यवस्थित असेल, तर वैद्य बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून पाहतात. लठ्ठपणामुळेही टीएसएच किंचित वाढू शकते. त्यामुळे अशा सीमेवरील आकड्याला लगेच रोगाचे नाव देणे योग्य नव्हे. टीएसएच १० च्या वर गेले, की मात्र उपचाराकडे कल झुकतो.

दोन सावधगिरीच्या सूचना. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास त्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात. त्यांच्यामुळे आकडे चुकीचे येऊ शकतात. तसेच दीर्घ उपवास चालू असताना ही तपासणी करू नये. उपाशी शरीर इंधन वाचविण्यासाठी टी-३ ची पातळी आपणहून खाली आणते. ती काटकसर असते, विकार नसतो.

वजनात थायरॉइडचा वाटा किती?

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. थायरॉइडच्या मंदपणामुळे वजन वाढते हे खरे. पण ती वाढ बहुधा २ ते ५ किलोंच्या आसपास असते आणि तिचा मोठा भाग चरबीचा नसून शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. औषध सुरू झाल्यावर तेवढे वजन उतरते. ज्यांचे वजन २०-२५ किलोंनी अधिक आहे, त्यांनी सर्व भार या लहानशा ग्रंथीच्या माथी मारू नये.

मग उरलेले वजन कोठून येते? १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘दिवसाला १२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन घटत नाही’ अशी प्रामाणिक तक्रार असलेल्या व्यक्तींची काटेकोर मोजणी करण्यात आली. त्यांचे चयापचय नेहमीसारखेच निघाले. मात्र त्या आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होत्या. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल; माणसाची स्मरणशक्तीच अशी आहे. चहातील साखर, मुलांच्या ताटात उरलेला घास, दुकानात ग्राहकाबरोबर घेतलेला फरसाण, मूठभर बदाम-काजू यांची नोंद मनाच्या वहीत होत नाही. एक मोठा चमचा तेल वा तूप म्हणजे सुमारे १२० कॅलरी. कोरड्या दिसणाऱ्या भाजीतही असे तीन-चार चमचे सहज मुरलेले असतात. म्हणून आठ दिवस प्रत्येक घास लिहून काढणे, ही दुसरी तपासणी समजावी. नोंद जेवणाच्या वेळीच करावी, रात्री आठवून नव्हे.

याउलट फार कमी खाण्याचेही दुष्परिणाम आहेत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन घटलेच. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीराचा ऊर्जाखर्चही सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. उत्पन्न घटले की संसारी माणूस खर्च आवरतो, तसेच शरीर करते. त्यामुळे वजन थांबले म्हणून आणखी उपाशी राहणे हा मार्ग फार काळ चालत नाही. याखेरीज पीसीओएस, रजोनिवृत्ती, अपुरी झोप, स्टिरॉइडसारखी काही औषधे, हीदेखील वजन रोखून धरणारी कारणे आहेत. वैद्यांशी बोलताना त्यांचाही उल्लेख करावा.

गोळी आणि नित्यनियम

१८९१ साली इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन एका स्त्रीवर या विकाराचा उपचार केला आणि ती पुढे २८ वर्षे जगली. आज सर्रास दिली जाणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी मात्र प्राण्यापासून घेतलेली नसते. तिच्यातील औषध रासायनिक पद्धतीने तयार होते. गोळी बांधण्यासाठी वापरलेल्या इतर घटकांविषयी शंका असल्यास औषधविक्रेत्यामार्फत कंपनीकडे विचारणा करता येते.

ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. तिच्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध वा न्याहारी घेऊ नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. नवकारशीचा नियम असलेल्यांनी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे पूर्ण होताच प्रथम गोळी घ्यावी आणि चहा त्यानंतर ठेवावा. रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्याय काहींना सुचविला जातो. चौविहार पाळणाऱ्यांना तो सोयीचा नाही, हे वैद्यांना आधीच सांगावे. हे औषध शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाचा खंड सहसा बाधत नाही. परंतु अठ्ठाईसारखे दीर्घ तप करावयाचे असल्यास वैद्यांचा सल्ला तपाच्या आधी घ्यावा. पच्चक्खाणाविषयीचा प्रश्न महाराजसाहेबांना विचारावा.

मात्रा ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडू नये. तसेच शेजारणीची गोळी केवळ वजन उतरविण्यासाठी घेणे धोक्याचे आहे. ज्याची ग्रंथी निरोगी आहे त्याने ती घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होतात.

मिठाविषयी एक शब्द. आयोडीनच्या अभावामुळे होणाऱ्या गलगंडाविरुद्ध भारतात १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. उपवासाच्या पदार्थांत वापरले जाणारे सैंधव सहसा आयोडीनयुक्त नसते. ते उपवासापुरते ठेवावे. ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातून आयोडीनयुक्त मीठ हद्दपार करू नये.

तपासणीला खर्च काहीशे रुपयांचा आणि वेळ एका सकाळचा. अहवालात दोष निघाला, तर महिनोन्‌महिने ऐकलेल्या टोमण्यांचे ओझे त्या स्त्रीच्या मनावरून उतरेल आणि उपचार सुरू होतील. दोष निघाला नाही, तर ताटाचा आणि दिनचर्येचा हिशेब शांतपणे मांडता येईल; आणि तो एकटीने नव्हे, तर साऱ्या घराने मांडावा, कारण फोडणीतील तेल सर्वांच्याच पोटात जाते. समाजातील घरोघरी पतीने, सासूबाईंनी, मुलांनी एवढेच करावे : ‘काय खाल्लेस?’ असे विचारण्याआधी ‘चल, एकदा रक्त तपासून घेऊ’ असे म्हणावे.