कपलिंगचा फंडा!

मॉडेल रेल्वेचं वेड लागलं की सगळे आधी इंजिनाच्या प्रेमात पडतात. पण तुमची मालगाडी ‘खरी’ दिसणार की ‘खेळण्यातली’, हे ठरतं दोन वाघिणींच्या मधल्या काही मिलिमीटरमध्ये.

एक छोटी टेस्ट घ्या. कुठल्याही मॉडेल रेल्वेचा फोटो समोर धरा. रंग परफेक्ट, डब्यावरचे आकडे परफेक्ट, चाकांना गंजाचा शेडसुद्धा मस्त मारलेला. तरी काहीतरी खटकतं ना? आता नजर दोन डब्यांच्या मधे न्या. तिथे प्लॅस्टिकचा एक दणकट आकडा लटकत असतो, आणि दोन डब्यांमध्ये एवढं अंतर असतं की मधून स्कूटर जाईल. सगळी पोल तिथेच खुलते.

आमच्या घराण्यात या रोगाचा पेशंट म्हणजे माझा मावसभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग, शनिवार-रविवार बेडरूममध्ये रेल्वे. पुण्यातल्या बऱ्याच जणांना हे वेड लागतं ते कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या म्युझियममधलं छोटं शहर आणि त्यातून पळणाऱ्या गाड्या बघून शाळेतली पोरं घरी हट्ट धरतात. दादाही त्यातलाच, फक्त त्याने हट्ट स्वतःच्या पगारातून पुरवला. सध्या त्याचं प्रोजेक्ट आहे बारा बॉक्सएन वाघिणींची रेक, कोळसा वाहतात ना, त्या उघड्या वाघिणी. स्केल एचओ, म्हणजे १:८७. खरी बॉक्सएन कपलिंगसकट सुमारे १०.७ मीटर लांब, दादाची १२३ मिलिमीटर. बॉडी तयार, रंग तयार. गाडी अडली ती कपलिंगवर. मी म्हटलं, चला, यावर स्टोरी करू.

आधी खरं काय ते बघा

पहिला नियम सोपा आहे. कॅटलॉग उघडण्याआधी स्टेशनवर जा. आपल्याकडे कपलिंगच्या मुख्य जाती दोन. जुन्या निळ्या-मरून आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग असतं. एका डब्याची कडी दुसऱ्याच्या हुकात अडकवायची आणि मधला स्क्रू फिरवून ताण द्यायचा. दोन्ही बाजूंना गोल तबकड्यांसारखे बफर. दुसरी जात सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर. दोन वळवलेल्या मुठी एकमेकींत अडकाव्यात तसं दिसतं. बॉक्सएन वाघिणींना हेच असतं, त्यामुळे बाजूचे बफर नसतात. एलएचबी डब्यांनाही सीबीसीच, पण जास्त घट्ट बसणारं. चेन्नईच्या कारखान्याने २०१८ मध्ये जुन्या पद्धतीचे डबे बनवणं थांबवलं, त्यामुळे नवी एक्स्प्रेस करायची असेल तर बफर विसरा. इंजिनाला मात्र बऱ्याचदा दोन्ही दिसतं, बफरही आणि सीबीसीही, कारण त्याला दोघांशीही संसार करायचा असतो.

म्हणजे चुकीचं कपलिंग हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. बॉक्सएनला स्क्रू कपलिंग लावणं म्हणजे शेरवानीवर टाय!

बोटांची किंमत

हे सगळं चाललेलं असताना मामा भुसावळहून आले होते. मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या यार्डात गेली. दादाच्या टेबलावर भिंग, चिमटे आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंग्स बघून आधी ते हसले. मग म्हणाले, “तू हे चिमट्याने लावतोस. आम्ही दोन डब्यांच्या मधे उभं राहून लावायचो.”

“मामा, भीती नाही वाटायची?” मी विचारलं.

“वाटायची. म्हणूनच रिटायर होऊन घरी आलो.”

त्यानंतर खोलीत कोणी काही बोललं नाही. स्क्रू कपलिंगमध्ये माणसाला दोन बफरांच्या मधे जावंच लागतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तर ‘लिंक अँड पिन’ पद्धत होती. डबे जवळ येत असताना कडी हाताने धरायची आणि वरून खिळा टाकायचा. टायमिंग चुकलं की बोटं गेली, कधी हात, कधी जीव. एली जॅनी नावाच्या माणसाने दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशी कल्पना लढवली, लाकडात नमुना कोरला आणि १८७३ मध्ये पेटंट घेतलं. डबे एकमेकांना भिडले की कपलिंग आपोआप बंद होणार, आणि सोडवायचं तर बाजूच्या दांड्याने. १८९३ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपोआप जुळणारं कपलिंग सक्तीचं केलं. आपलं सीबीसी याच घराण्यातलं.

धोका तरी संपलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या बरौनी जंक्शनवर शंटिंग करताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मधे चिरडून गेला. दादाच्या टेबलावरचा तो छोटासा तुकडा त्यानंतर मला खेळण्यासारखा दिसेना.

बॉक्समधून काय निघतं?

आता दुकानाकडे वळू. ब्रिटिश सेट घेतला की टेन्शन-लॉक मिळतं. रुंद दांडी आणि तिच्यावर अडकणारा आकडा. ट्रायअँगने पन्नासच्या दशकात ते लोकप्रिय केलं, हॉर्नबी आणि बाखमनच्या ब्रिटिश मॉडेल्सवर ते आजही असतं. मुलांच्या धसमुसळ्या हातातही टिकतं, दिसायला मात्र बादलीच्या कडीसारखं. जर्मन सेटमध्ये वायरची चौकट असलेलं लूप कपलिंग येतं. जुन्या अमेरिकन एचओ गाड्यांना हॉर्न-हुक असायचं, ते तर कुठल्याच खऱ्या गाडीसारखं दिसत नाही.

एक चांगली बातमी आहे. बऱ्याच नव्या मॉडेल्सना एनईएम ३६२ नावाचा स्टँडर्ड खाचा असतो. जुनं कपलिंग ओढून काढा, नवं खुपसा, काम फत्ते. मोबाइलचा चार्जर बदलण्याइतकं सोपं!

सीबीसीसारखं दिसणारं हवं असेल तर बहुतेक सगळे एकाच नावापाशी पोहोचतात, केडी. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एडवर्ड्स या जुळ्या भावांची ही कंपनी. त्यांचं कपलिंग खऱ्यासारखं मुठीच्या आकाराचं, भिडलं की आपोआप जुळणारं. खाली लोंबणारी बारीक स्टीलची तार बघणाऱ्याला ब्रेकच्या पाइपसारखी वाटते. खरी गंमत अशी की रुळांमध्ये लोहचुंबक बसवला आणि गाडी त्यावर थांबवून जरा ढिली सोडली, की चुंबक त्या तारा बाजूला खेचतो आणि मुठी उघडतात. हात न लावता शंटिंग!

यात ५ नंबर सगळ्यात प्रसिद्ध. चालतो झकास, पण डोकं स्केलच्या मानाने जरा मोठं. ५८ नंबरचं डोकं लहान, खऱ्याच्या जास्त जवळ. एनईएम खाच्यासाठी १७ ते २० असे चार नंबर मिळतात, १७ सर्वात आखूड, २० सर्वात लांब. दादाने ५८ पक्का केला. मला वाटलं, झालं, स्टोरी संपली.

१२.७ की १०?

इथे खरा पेच सुरू झाला. आपल्या ब्रॉडगेजवर नव्या, रिकाम्या वाघिणीच्या कपलरचा मध्य रुळापासून ११०५ मिलिमीटर उंच असतो. त्याला ८७ ने भागा, उत्तर येतं १२.७. केडीची उंची ठरलेली आहे अमेरिकन गाड्यांवरून, आणि ती जेमतेम १० मिलिमीटर. फरक पावणेतीन मिलिमीटरचा! केडीच्या उंचीवर लावलं तर बॉक्सएनचं कपलिंग कमरेखाली घसरलेल्या जीन्ससारखं दिसतं. खऱ्या उंचीवर लावलं तर मित्रांची इंजिनं या रेकला जोडताच येणार नाहीत. आणि एकट्याने गाडी चालवण्यात कसली मजा?

दोन रविवार यावर वाद झाला. मी ‘दिसणं’ पार्टी, दादा ‘चालणं’ पार्टी. तोडगा मामांनी काढला, तोही यार्डातला. न जुळणाऱ्या दोन गाड्यांच्या मधे रेल्वे कधीकधी एक मॅच वाघीण लावते, एका टोकाला एक जोडणी, दुसऱ्या टोकाला दुसरी. मग तसंच ठरलं. अकरा वाघिणी खऱ्या उंचीवर, बारावीचं एक टोक १२.७ वर आणि दुसरं केडीच्या मापावर. रेकही खरी, दोस्तीही शाबूत.

टू बीएचकेमधली वळणं

शेवटचा व्हिलन म्हणजे आपलं घर. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या साधारण १७५ मीटर. एचओमध्ये तिचे होतात दोन मीटर, म्हणजे नुसता अर्धगोल घालायलाच चार मीटर रुंद खोली हवी. आपण वापरतो ते वळण असतं अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. त्यामुळे मॉडेलच्या कपलिंगला खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वळावं लागतं. स्क्रू कपलिंग आणि बफर हुबेहूब केले, तर अशा वळणावर बफर एकमेकांत अडकतात आणि डबे रुळाखाली. छोटी बॉक्सएन निभावून नेते, पण एलएचबीचा डबा एचओमध्ये २७० मिलिमीटर भरतो. त्याला आखूड कपलिंग लावून टेबलाच्या कोपऱ्यावर वळवायचं म्हणजे तुळशीबागेत व्होल्वो घालण्यासारखं. अशा डब्यांसाठी सरळ रुळावर जवळ येणारं आणि वळणावर आपोआप लांबणारं क्लोज कपलिंग बघा.

दादाची रेक आता दीड मीटर भरते. मामा परत भुसावळला जायच्या आदल्या रात्री ती पहिल्यांदा सलग धावली. मामांनी गाडीकडे कमी आणि कपलिंगकडे जास्त बघितलं. मग म्हणाले, “हं. कुणाला मधे जावं लागलं नाही.”

चौकट : खरेदीआधी पाच गोष्टी

१. गाडी कुठल्या काळातली ते ठरवा. जुने आयसीएफ डबे असतील तर स्क्रू आणि बफर. बॉक्सएन, एलएचबी असतील तर सीबीसी.

२. रेक कायम एकत्रच धावणार असेल तर मधे साधा दांडा किंवा वायर चालते, महाग कपलिंग फक्त दोन टोकांना. वंदे भारतच्या डब्यांमध्येही आत सेमी-परमनंट जोडणीच असते!

३. उंची मोजण्यासाठी केडीचा २०५ नंबरचा गेज घ्या. नजरेवर विसंबू नका, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही चढावर गाडी सुटते.

४. वाघिणीला वजन द्या. अमेरिकन हौशी मंडळींचा हिशेब एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनसाठी साधारण ९७ ग्रॅम. हलकी वाघीण धक्का लागला की नुसती पळते, जुळत नाही.

५. आधी दोनच वाघिणींना लावून तुमच्या सगळ्यात वाईट वळणावर पुढे-मागे चालवा. त्या पास झाल्या की मगच बाकीच्यांची ऑर्डर द्या.