उपवासाच्या ताटात अमेरिका

साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी समोर घ्या आणि तिच्यातला एकेक जिन्नस मनातल्या मनात वेगळा काढा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, म्हणजेच कसावा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कूट ज्याचं, तो शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची अमेरिकेतलीच. शेजारी रताळ्याचा कीस असेल तर रताळंही. जुन्या जगातलं उरतं ते साजूक तूप, जिरं, मीठ आणि खोबरं. १४९२ साली कोलंबसाची गलबतं अटलांटिक ओलांडून गेली, त्याआधी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकादशी पाळली जात होती, पण हे पाच जिन्नस कुणाच्या ताटात नव्हते.

आणि तरीही ज्या घरात चपातीचा तुकडा तोंडात गेला तर एकादशी मोडली असं मानतात, त्याच घरात ही बशी निःशंकपणे पुढे येते. समुद्रापलीकडून आलेली ही मंडळी इतक्या सोवळ्या ताटात शिरली कशी?

उत्तर नियमाच्या शब्दांतच आहे. एकादशीला पाप अन्नाच्या आश्रयाला येऊन बसतं अशी पुराणातली कथा आहे. तिथे अन्न म्हणजे धान्य, म्हणून त्या दिवशी धान्य वर्ज्य. दुसरीकडे, कशाने व्रत मोडत नाही याची आठ गोष्टींची एक जुनी यादी आहे आणि व्रतांवरच्या ग्रंथांत ती पुन्हा पुन्हा येते: पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. यादीत मुळांची नावं नाहीत, फक्त 'मुळं' आहेत. जमिनीखाली येतं, धान्य नाही, एवढं ज्याला लागू पडलं त्याला वाट मोकळी होती. यातली बहुतेक पिकं इकडे आणणाऱ्या पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १६१२ साली, कमलाकर भट्टांनी 'निर्णयसिंधु' लिहिला, आणि १७९० मध्ये पंढरपुरात काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' पुरा केला. कुठली तिथी कधी धरायची, कुणी काय पाळायचं, याचा निवाडा आजही याच ग्रंथांवरून होतो. बटाट्याला मात्र वेगळ्या निवाड्याची गरजच पडली नाही. जुन्या यादीत त्याची जागा आधीच होती.

त्यातही साबुदाण्याचा प्रवास विलक्षण. मुळात साबुदाणा हा आग्नेय आशियातल्या साबू ताडाच्या खोडातल्या गराचा. पुढे त्याची जागा टॅपिओकाने घेतली. केरळात या कंदाला बळ दिलं त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी, १८८० ते १८८५ या त्यांच्या कारकिर्दीत, आणि तेही गरिबांच्या पोटासाठी. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल थांबला तेव्हा तमिळनाडूत सेलमला कारखाने उभे राहिले. कंद सोलायचे, धुवायचे, पाणी घालून किसायचे. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ती या किसण्याधुण्यातच बरीचशी निघून जातात. दुधासारखं पाणी गाळून टाक्यांत निवळत ठेवलं की तळाशी सत्त्व बसतं. ते ओलं सत्त्व फोडून हलवत राहिलं की त्याचे आपोआप गोल दाणे वळतात. मग ते तापल्या पत्र्यावर जरा भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. आषाढीला वाटीतल्या पाण्यात भिजून फुगणारा प्रत्येक दाणा एवढं सगळं सोसून आलेला असतो.

पण मला सगळ्यांत थक्क करतो तो राजगिरा. दाण्यांसाठी पिकवल्या जाणाऱ्या त्याच्या जाती वनस्पतिशास्त्रज्ञ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मानतात. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ गोड पाकात मळून देवाच्या मूर्ती घडवत आणि सणाला त्यांचे तुकडे करून खात. सोळाव्या शतकात तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी याची वर्णनं लिहून ठेवली आहेत. त्यांना त्यात आपल्या प्रसादविधीची विटंबना दिसली आणि ती प्रथा त्यांनी मोडून काढली. आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलवलेला राजगिरा मधाच्या किंवा साखरेच्या पाकात थापून केलेल्या वड्या मिळतात. त्यांना तिथे 'आलेग्रिया' म्हणतात. आपल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ती ठेवली तर घरातलं माणूसही चटकन सांगू शकणार नाही, कुठली कुणाची. एका खंडात देवाच्या अंगाचं झालेलं हे बी दुसऱ्या खंडात देवाच्या दिवशीचं खाणं झालं, आणि या दोघांना एकमेकांची खबरही नव्हती.

नियम तरी सगळीकडे सारखा कुठे आहे? वरई हे गवतवर्गातलं तृणधान्य, म्हणजे शब्दशः पाहिलं तर ते बाद व्हायला हवं. पण महाराष्ट्रात भगर हाच उपवासाचा भात. तमिळ घरांत बऱ्याच ठिकाणी भात टाळतात, रव्याचा उपमा चालतो. आपल्याकडे कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात नाही. याचा निकाल पोथीत सापडत नाही, तो सासूकडून सुनेकडे येतो.

मग ही सगळी पळवाटच म्हणायची का? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी आपल्यालाच सुनावलेलं आहे. त्यात तथ्य आहे. पोट हलकं राहावं, मन दुसरीकडे लागावं, यासाठीचा दिवस तुपातल्या खिचडीने जड होतो. पण अक्षर धरायचंच असेल तर ते पुरतं धरावं असं मला वाटतं. त्याच शास्त्रात म्हटलंय की वारंवार पाणी प्यायल्याने, तांबूल चघळल्याने आणि दुपारी झोपल्याने उपवास नष्ट होतो. खिचडीनंतरची वामकुक्षी तिथे साफ बाद आहे. आणि व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींच्या यादीत औषध आहे. आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशीच्या आतल्यांनी उपवास करावा, हे वचनही आहे. तरी पंच्याऐंशीची आजी सकाळची गोळी बाजूला ठेवते, 'आज एकादशी आहे' म्हणून. तिला कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं, की ज्यांनी तुझा उपवास सांगितला त्यांनीच तुझी गोळीही सांगून ठेवली आहे.

अक्षराची वाट उघडी असूनही लोक तिच्यातून गेले नाहीत, असंही घडतं. ऋषिपंचमी घ्या. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीचं हे व्रत. त्याची कथा रजस्वलेच्या विटाळाशी जोडलेली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. पण त्याचा खाण्याचा नियम सुंदर आहे: बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगरटीचं धान्य नाही, परसात, कुंपणावर, हाताने लावलेलं तेवढं चालतं. म्हणून अळू, माठ, पडवळ, दोडकं, सुरण अशी ऋषीची भाजी शिजते. तिच्यातही मक्याचं कणीस आणि लाल भोपळा अमेरिकेतूनच येऊन बसलेत.

आता महाराष्ट्रात किती शेतं ट्रॅक्टरने नांगरली जातात बघा. त्या गव्हाला बैलाचा खांदा लागलेलाच नाही. शब्दावर बोट ठेवलं तर ट्रॅक्टरच्या गव्हाची पोळी ऋषिपंचमीला सरळ चालायला हवी. असा युक्तिवाद करून त्या दिवशी पोळ्या लाटणारं घर माझ्या पाहण्यात नाही. एकादशीचा नियम पदार्थावर बोलतो, म्हणून पदार्थ बदलत गेले. ऋषिपंचमीचा नियम कुणाच्या तरी खांद्यावर बोलतो. गोठ्यात आता बैल नाही, पुष्कळ घरांना गोठाच नाही, तरी भाद्रपदात भाजीबाजारात या भाज्यांचे मिसळलेले वाटे मांडलेले असतात, आणि घेणाऱ्या बायका विकणारीला विचारून घेतात, घरच्या अंगणातलं आहे ना?