नामंजूर अर्जाचे पुढे काय?

वस्तीतील निराधार, विधवा आणि अपंगांचे अनुदानाचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही नोकरी सांभाळून करतो. कचेरीच्या खेट्यांत चपला झिजतात आणि शेवटी खिडकीतून उत्तर येते, "बसत नाही." कशात बसत नाही, हे कागदावर कुणी देत नाही. म्हातारी माणसे कपाळाला हात लावून घरी परततात. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेत अशा नामंजूर अर्जाचे पुढे काय होते याची माहिती वाचली, तेव्हा ती आपल्या कुटुंबांपर्यंत पोचवावी असे वाटले.

त्या देशाचा वर्णद्वेषाचा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण तो पेन्शनमध्येही कसा मुरला होता हे फारसे ठाऊक नसते. 1928 साली तेथे म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात आफ्रिकी माणसाला जागाच नव्हती. 1944 साली त्याला आत घेतले, पण गोऱ्याची पेन्शन वेगळी आणि काळ्याची कितीतरी कमी. म्हातारपणाची भूक सारखीच, पण तिची किंमत कातडीच्या रंगावरून ठरे! सर्वांची रक्कम एक व्हायला 1993 साल उजाडावे लागले.

1994 साली लोकशाही आली, तरी कचेऱ्यांची सवय एका रात्रीत थोडीच जाते? पूर्व केप हा मंडेलांचा जन्मप्रांत. तेथील प्रांत सरकारने 1996 पासून हजारो अपंगांचे अनुदान नोटीस न देता बंद केले. खोटे लाभार्थी शोधायचे म्हणून खऱ्यांच्याही ताटातले काढले आणि वर सांगितले, पुन्हा नव्याने अर्ज करा. चार जण कोर्टात गेले. आपल्यासारख्या सर्वांच्या वतीने आम्ही भांडतो, असे त्यांनी सांगितले. सरकारचे म्हणणे, ज्याने त्याने स्वतंत्र दावा लावावा. खेड्यातला अपंग माणूस वकील कोठून आणणार? 2001 साली सर्वोच्च अपील न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले आणि सर्वांचा दावा एकत्र चालेल असा निर्णय दिला.

या लोकांच्या पाठीशी घटना होती. तेथील घटनेच्या 27 व्या कलमात, ज्याला स्वतःचा आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा निर्वाह करता येत नाही, त्याला सामाजिक साहाय्याचा हक्क दिला आहे. 33 व्या कलमात, ज्याचे नुकसान करणारा निर्णय झाला त्याला लेखी कारणे मिळण्याचा हक्क दिला आहे. आपल्या घटनेच्या 41 व्या कलमातही बेकारी, म्हातारपण, आजार व अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळावे असे म्हटले आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि 37 व्या कलमाप्रमाणे त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. तेथे मात्र तो हक्क न्यायालयात मागता येतो.

आता मुख्य मुद्दा. 2004 साली तेथे सामाजिक साहाय्याचा कायदा झाला. अनुदान वाटण्याचे काम एका सरकारी यंत्रणेकडे दिले. लोक तिला 'सासा' म्हणतात. वृद्ध, अपंग, लहान मुलांना सांभाळणाऱ्या आया यांचे अर्ज सासाकडे जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये वृद्धांना महिना 2190 रँड आणि मुलामागे 530 रँड मिळत होते. एक रँड म्हणजे आपले साधारण पाच रुपये. अर्ज नामंजूर झाला तर सासाने लेखी कळवायचे, कारण द्यायचे आणि अपील कोठे करायचे तेही सांगायचे. आम्ही कारकून माणसे. आमचा अनुभव असा की पत्रातली हीच शेवटची ओळ कुणी वाचत नाही, आणि कामाची तीच असते.

पत्र मिळाल्यापासून 90 दिवसांत अपील करायचे. ते सासाकडे नव्हे, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे. पूर्वी आधी सासालाच फेरविचाराची विनंती करावी लागे, म्हणजे ज्याने नाकारले त्याच्याच दारात पुन्हा उभे राहायचे. 2020 च्या दुरुस्ती कायद्याने ही अट काढली. आमच्या मते साऱ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे. नाकारणारा हात आणि तपासणारा हात वेगळा पाहिजे. न्यायाधिकरणाच्या सभासदांची नेमणूक मंत्रीच करतात, त्यामुळे ते अगदी पूर्ण स्वतंत्र आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरी अपंगत्वाच्या प्रकरणात वकील, डॉक्टर आणि समाजातील एक व्यक्ती एकत्र बसून कागद पाहतात. एकट्या साहेबाच्या मर्जीपेक्षा हे खचितच बरे.

अपिलाला फी नाही. नामंजुरीच्या पत्राची आणि ओळखपत्राची प्रत जोडायची आणि निर्णय का चुकीचा आहे ते साध्या शब्दांत लिहायचे. येथेच पुष्कळ जण "मी गरीब आहे, दया करा" एवढेच लिहितात. गरिबी खरी असली तरी ते उत्तर होत नाही. डॉक्टरने "काम करू शकतो" असे लिहिले म्हणून अपंगाचा अर्ज गेला असेल, तर दवाखान्याचे जुने कागद, चालू औषधे, कोणते काम का जमत नाही, हे दाखवले पाहिजे. उत्पन्न जास्त दाखवले म्हणून गेला असेल तर बँकेचा उतारा पाहिजे. कारणाला कारणाने उत्तर! मुदत टळली तरी सबळ सबब दिल्यास अपील घेता येते. न्यायाधिकरणानेही नाकारले तर उच्च न्यायालयाचा रस्ता उरतो, आणि गरिबांना सरकारी कायदेविषयक मदत मागता येते.

हे वाचून कुणी म्हणेल, ते तिकडचे झाले, आमचे काय? आपल्याकडे असे स्वतंत्र न्यायाधिकरण नाही, पण एक हत्यार आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे सांगण्याचे बंधन कचेरीवर घातले आहे. म्हणून खिडकीवर "बसत नाही" ऐकून परतू नये. अर्जाची पोच घ्यावी आणि नामंजुरीचे कारण लेखी मागावे. तोंडी उत्तराविरुद्ध दाद मागणे फार कठीण जाते.

दक्षिण आफ्रिकेतही सारे सुरळीत आहे असे नाही. कोरोनाच्या काळात, 2020 साली, बेकारांसाठी महिना 350 रँडची मदत सुरू झाली. एप्रिल 2024 पासून ती 370 झाली. तिचा अर्ज फक्त संगणकावर किंवा मोबाईलवर. बँक खात्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे आले की यंत्र म्हणते, उत्पन्न आहे, नामंजूर. मग ते पैसे भावाने पिठामिठासाठी पाठवलेले का असेनात. शिवाय अपिलात नवा पुरावा देता येत नसे. म्हणजे अपील नावालाच. संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी 2025 मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने यांतील बरेच नियम घटनाबाह्य ठरवले. नातेवाइकांनी अडीनडीला दिलेली मदत हे उत्पन्न धरता येणार नाही, अर्ज केवळ संगणकावरच घेण्याची सक्ती चालणार नाही आणि अपिलात नवा पुरावा घ्यावा लागेल, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने या निकालाला वरच्या न्यायालयात आव्हान दिले.