लॅगिंगवाल्यांची नोंदवही

वाफेच्या पाइपांना आणि बॉयलरला उष्णता धरून ठेवणारे आवरण चढवणाऱ्यांना आपल्या कारखान्यांत लॅगिंगवाले म्हणतात. आज त्यांच्या हातात ग्लास वूल किंवा रॉकवूल असते. विसाव्या शतकात कित्येक दशके जगभर या कामात ॲस्बेस्टॉसच असे. अमेरिकेत तर ते या कामगारांच्या संघटनेच्या नावातच होते! ठोकळे करवतीने कापायचे, भुकटी पाण्यात कालवून पाइपवर लिंपायची. धूळ वाईट, एवढे सगळ्यांना कळत होते. ती जीव घेईल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हे लपून राहणे सोपे होते. आजार उमटायला वीस-तीस वर्षे लागत आणि तोवर माणूस अनेक ठेकेदारांकडे फिरलेला असे. मालकाच्या हजेरीपटावर तो कायमचा नव्हताच. त्याचे नाव टिकून होते ते फक्त संघटनेच्या दप्तरात. डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी न्यू यॉर्क–न्यू जर्सीतले तेच दप्तर उघडले. १९४२ अखेरच्या यादीत ६३२ जण होते. १९६२ अखेरपर्यंत त्यांतले २५५ वारले. फुप्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने साधारण सहा-सात मृत्यू अपेक्षित असताना ४५ झाले होते. १९६४ मध्ये हे आकडे छापून आले. माझ्या मते यात डॉक्टरांइतकेच श्रेय वर्गणीचा हिशेब नीट ठेवणाऱ्या कारकुनांचे.

टेक्सासचा क्लॅरेन्स बोरेल १९३६ पासून हेच काम करी. त्याने आवरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला, पण १९७० मध्ये, खटला उभा राहण्याआधीच तो गेला. धोक्याची सूचना देणे हे उत्पादकाचे कर्तव्यच आहे, असा निकाल अपील न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. पुढच्या हजारो दाव्यांना वाट तिथून मिळाली. संघटनेच्या नावातून ॲस्बेस्टॉस हा शब्द मात्र नव्या शतकातच गेला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर ठेवायला सांगितले. पण जुन्या कारखान्यातले लॅगिंग खरवडून काढणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाची नोंद कोण ठेवणार? असे काम निघाले, तर ठेकेदाराला आधी विचारा, आत काय आहे. उत्तर मिळेपर्यंत हात लावू नका.