अर्बुदाची खूण व आयुष्याचा अंदाज

गेल्या पौषांत माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याहून जळगांवीं माझ्या घरीं आला. त्याच्या वडील बंधूंच्या मेंदूंतील गांठ शस्त्रक्रियेनें काढली होती. तपासणीचा कागद पुढें करून तो म्हणाला, "गुरुजी, यांत 'ग्लायोब्लास्टोमा' असें लिहिलें आहे, आणि पुढें 'वाइल्ड' असाही कांहीं शब्द आहे. दादांचे किती महिने राहिले, तेवढें सांगा." मग अंमळ थांबून त्यानें खालच्या आवाजांत पुसलें, "हें जनुकांचें दुखणें आहे म्हणतात. पुतणीचें लग्न जमत आलें आहे. तें मोडणार तर नाहीं ना?"

मी वैद्य नव्हे. परंतु हे दोन्ही प्रश्न अनेक घरांत असेच दबक्या स्वरांत विचारले जातात. म्हणून वाचून व जाणत्या डॉक्टरांस विचारून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

दुसरा प्रश्न आधीं घेऊं. कागदावर ज्या जनुकांचा उल्लेख असतो, तीं अर्बुदाच्या पेशींतील जनुकें होत. त्यांतील बदल बहुधा त्या पेशींतच मागाहून घडलेले असतात. ते आईबापांकडून आलेले नसतात व मुलांकडे जात नाहींत. कांहीं थोड्या कुळांत असा दोष वंशपरंपरेनें येतो खरा, पण तो विरळा. तेव्हां एवढ्या कागदावरून मुलीचें स्थळ मोडणें हा निव्वळ अन्याय होय.

आतां खुणांविषयीं. पहिली खूण 'आयडीएच' नांवाच्या जनुकाची. या अर्बुदांतील तिचें महत्त्व 2008 सालीं उजेडांत आलें. ज्यांच्या गांठींत हें जनुक बदललेलें असतें, ते रुग्ण सामान्यतः अधिक काळ जगतात. 2021 सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ग्लायोब्लास्टोमा हें नांव प्रौढांच्या, आयडीएच न बदललेल्या गांठीसच दिलें जातें. 'वाइल्ड टाइप' म्हणजे रानटी नव्हे. बदल न झालेलें, मूळचें, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी खूण 'एमजीएमटी'ची. टेमोझोलोमाइड हें औषध अर्बुदाच्या पेशींतील जनुकद्रव्यास इजा करतें. एमजीएमटी त्या इजेची डागडुजी करतें. कांहीं गांठींत या जनुकाच्या आरंभींच रासायनिक कुलूप पडलेलें असतें. त्यास मिथिलीकरण म्हणतात. कुलूप असेल तर डागडुजी थांबते व औषध अधिक लागू पडतें. 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत किरणोपचार व हें औषध दोन्ही घेतलेल्यांपैकीं कुलूप असलेल्यांचा आयुष्याचा मध्यक 21.7 महिने, तर नसलेल्यांचा 12.7 महिने आढळला.

या आंकड्यापाशींच लोक फसतात. वर्गांतील मुलें उंचीप्रमाणें ओळीनें उभीं केलीं असतां मधल्या मुलाची उंची ती मध्यक. तीवरून शेवटच्या मुलाची उंची कळत नाहीं. त्याच संशोधनांत कुलूप नसलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें 14 जण दोन वर्षांनंतरही हयात होते. आणि कुलूप असलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक दोन वर्षांच्या आंतच गेले. शिवाय वय, अंगांतील शक्ति, गांठ किती निघाली, यांवरही पुष्कळ अवलंबून असतें. स्टीफन जे गोल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञास 1982 सालीं उदराचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. त्या रोगाचा मध्यक आठ महिन्यांचा होता. तो वीस वर्षें जगला. हें सर्वांस लाभेल असें नव्हे. ग्लायोब्लास्टोमा फारच कठोर रोग आहे. पण आंकडा समूहाचा असतो, तो माणसाची पत्रिका नव्हे.

मग तपासणीचा उपयोग काय? उपचार ठरविण्यास. विशेषतः वृद्ध रुग्णास किरण द्यावे कीं औषध, हें ठरवितांना एमजीएमटीची खूण फार साहाय्य करते. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कर्करोगाच्या सेवेंत आहे. गांठीचा तुकडा मेणाच्या वडींत जतन केलेला असतो. ती वडी व कांचपट्ट्या मागून घेऊन मोठ्या ठिकाणीं पुन्हां तपासून घेतां येतात. अशक्त रुग्णास केवळ तपासणीसाठीं आगगाडीनें हिंडविण्याचें कारण नाहीं. डॉक्टरांसही "किती महिने?" असें विचारण्यापेक्षां "या खुणेमुळें उपचारांत काय फरक पडेल?" असें विचारावें.

शेवटीं एक गोष्ट. घरांतील वडील माणसें रोग्यापासून सारें लपवितात. त्यांत माया असते, पण ज्याचें आयुष्य त्यासच त्याच्या निर्णयांतून वगळलें जातें. मी विद्यार्थ्यास म्हटलें, "दादांना जेवढें जाणून घ्यावयाचें असेल, तेवढें हळूहळू सांग." त्यानें सांगितलें. दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं पंचांग मागविलें व मुलीच्या लग्नाचा आषाढांतील मुहूर्त अलीकडे, वैशाखांत आणविला. व्याह्यांनाही आजाराची हकीकत त्यांनीं स्वतःच कळविली. ते मोडले नाहींत. सध्यां किरणोपचार चालू आहेत. वैशाखांत कन्यादानास ते उभे राहतील कीं नाहीं, हें कोणतीही खूण सांगूं शकत नाहीं. परंतु तिथि मात्र त्यांनीं स्वतः, सर्व जाणून, ठरविली आहे.